मांत्रिकाच्या तोंडी आप्पांचा आवाज

आमच्या घरी भूत जेवून गेलं आहे, असं मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खुर्ची जवळ ओढतात. मला हा किस्सा सांगायला फार आवडतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते तेव्हा दुपारी डबे उघडले की नव्या आलेल्या मुलींना तो ऐकवायचाच, असा माझा शिरस्ता होता. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असताना व्याह्यांनासुद्धा मी तो सोडला नाही. आपला किस्सा आपल्याला तोंडपाठ असला की त्यात आता नवीन काय सापडणार, असं वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. पण या मे महिन्यात माझी मुलगी मुक्ता चार दिवस रत्नागिरीला आली आणि मी इतकी वर्षं सांगत आलेली ही गोष्ट निम्मीच होती, हे मला कळलं. म्हणून आता ती पहिल्यापासून लिहिते.

माझे वडील, आप्पा, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती सुटणार, कोणती अजून आलीच नाही, हे मायक्रोफोनवरून सांगायचं त्यांचं काम. अंगानं किरकोळ, उंचीनं बेताचे, पण आवाज असा की गुहागरची गाडी सुटते आहे हे पार मच्छी मार्केटपर्यंत कळावं. घरात मात्र ते फार बोलत नसत. दिवसभर बोलून झाल्यावर घरी काय बोलायचं, असं आई म्हणायची आणि त्यांच्या वाटणीचंही बोलून घ्यायची. पहाटे आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज, मग चुलीवर घावन टाकल्यावर होणारी चर्र, मग आप्पांचा घसा खाकरण्याचा आवाज, या क्रमानं आमचं घर जागं व्हायचं. घसा ते फार जपत. गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या, थंडीत मफलर, आणि कोकम सरबत कितीही आवडत असलं तरी ते शिमग्याच्या आधी महिनाभर बंद.

कारण शिमग्याला गाऱ्हाणं आप्पा घालायचे. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन टेकली की सगळी वाडी हात जोडून उभी राहते आणि एक जण देवाशी बोलतो. त्या बोलण्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळ्यांनी एका तोंडानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. त्यात ठरलेले शब्द थोडे. बाकीचं ज्याचं त्यानं, त्या वेळेला सुचेल तसं बोलायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा बोटीवर गेला आणि त्याचा पत्ता नाही, कुणाचं लग्न अडलं, सगळं देवाच्या कानावर घालायचं. आमच्याकडे एक रीत अशी की गाऱ्हाण्यात देवापासून काही लपवायचं नाही. जे काम करायचं असेल ते जसं आहे तसं सांगायचं, त्यात काय खोट आहे तेही सांगायचं आणि मग कौल मागायचा. दुसरी रीत अशी की एकदा घातलेलं गाऱ्हाणं नंतर कुणाला उकलून सांगायचं नाही. आप्पा या दोन्ही रीती कटाक्षानं पाळत. आमच्या आजोबांनंतर हा मान त्यांच्याकडे आला होता. आमच्याकडे बागायत नव्हती, हापूसची कलमं नव्हती, मुंबईला खोली नव्हती. आप्पांकडे हा एक मान होता, आणि सहाणेवर ते उभे राहिले की मला वाटायचं, यांच्यापेक्षा उंच माणूस साऱ्या वाडीत नाही.

मी चौथीत असेन तेव्हा मुंबईहून एक मंडळी आमच्या वाडीत आली. टीव्हीवर तेव्हा एक भुताखेताची मालिका लागायची, दर आठवड्याला नवी गोष्ट. तिच्या एका भागासाठी त्यांना विहीर, पिंपळ आणि समुद्राचा आवाज हवा होता. आमच्या घराच्या खालच्या अंगाला हे तिन्ही एकत्र होतं. त्या पिंपळाच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड आहे. जागा राखणारा तो, त्याला विचारल्याशिवाय तिथं कुणी फांदीसुद्धा तोडत नाही. आप्पांनी त्या दाढीवाल्या, तरुण डायरेक्टरला स्पष्ट सांगितलं की आधी गाऱ्हाणं होईल, मग तुमचा कॅमेरा लागेल. तो बिचारा हो म्हणाला. आप्पांनी त्याला विचारलं, गोष्ट कसली, कोण बघणार, आणि तोही मोकळेपणानं म्हणाला, “भुताची आहे काका. लहान मुलंच जास्त बघतात, घाबरतात आणि तरी बघतात.” हे मला आईनं नंतर सांगितलं. गाऱ्हाणं झालं तेव्हा मी शाळेत होते, आई वर घरात रांधत होती आणि वाडीतले बाप्ये आपापल्या कामावर. मुंबईच्या मंडळींनाच आप्पांनी एका ओळीत उभं केलं, पायातल्या चपला काढायला लावल्या आणि ‘व्हय म्हाराजा’ कधी म्हणायचं ते शिकवलं. एकाच्या हातात सिगारेट होती, ती त्यानं पाठीमागे लपवली म्हणे. आवाज टिपणाऱ्या माणसानं आप्पांना विचारलं, “काका, हे रेकॉर्ड केलं तर चालेल?” आप्पा म्हणाले, “देवाला सांगतोय, चोरून थोडाच बोलतोय?”

शाळा सुटल्यावर मी धावत आले ती थेट भुताच्या पंक्तीलाच. जिला भूत करायचं होतं ती नटी आमच्या पडवीत मांडी घालून बसली होती. पांढरं पातळ, तोंडाला खडूसारखा पांढरा रंग, डोळ्यांखाली काजळ फासलेलं, आणि समोरच्या ताटात बांगड्याचं तिखलं आणि भात. ओठांचा रंग जाऊ नये म्हणून ती बोटांनी छोटे छोटे घास तोंडात टाकत होती आणि डोळ्यांतून पाणी काढत होती. आईनं विचारलं, “तिखाट झालां काय गो?” ती म्हणाली, “तिखट नाही, आमच्या आईचं असंच असायचं.” आईनं तिला आणखी दोन तुकड्या वाढल्या, वर सोलकढी दिली आणि जाताना पिशवीत सांदणं बांधून दिली. संध्याकाळी तीच बाई विहिरीच्या काठावर केस सोडून किंचाळली, तेव्हा मला हसू फुटलं. मी भुताला जेवताना पाहिलेलं होतं.

खरी गंमत, किंवा खरं संकट, मंडळी परत जाताना सुरू झालं. आवाजवाला निरोप घ्यायला आला आणि मोठ्या खुशीत म्हणाला, “काका, तुमच्या आवाजाला तोड नाही. साहेबांना इतका आवडलाय, मांत्रिकाच्या तोंडी तोच घालणार आहेत.” मांत्रिक म्हणजे गोष्टीतला दुष्ट माणूस, जो त्या बाईला विहिरीतून उठवतो. आप्पांनी हात जोडले आणि ते आत गेले. पण हे ऐकायला दोन-तीन शेजारी होते. अंधार पडायच्या आत वाडीभर झालं की आप्पाचं गाऱ्हाणं भूत उठवायला वापरणार आहेत.

दुसऱ्या दिवशी भिकूतात्या आले. ते वाडीचे मानकरी, पालखीला पहिला खांदा त्यांचा. बोलणं कमी आणि दिलेला शब्द मागे न घेणारे. ते पडवीतल्या बाकावर बसले, आईनं दिलेल्या चहाला हात लावला नाही आणि म्हणाले, “आप्पा, देवाची भाषा तू भुताच्या तोंडात दिलीस, असां लोक बोलतत.”

“मी देवाशी बोललो, तात्या. पुढं त्यांनी काय केलानी तां त्यांचां.”

“मंग काय बोललास तां तरी सांग. म्हणजे मी लोकांची तोंडां गप करतो.”

“गाऱ्हाणां उकलून सांगत नाय, तां तुमी मला शिकवलांत.”

भिकूतात्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग उठताना म्हणाले, “बराय. ती शेरेल लागंल तवा सगळी वाडी तुज्याकडं बसून बघंल. ह्या शिमग्याला गाऱ्हाणां तू घालायचांस का दुसऱ्यानं, तां तवाच ठरवू.”

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कुणी जेवणाला चांगलं म्हटलं नाही. आईनं आप्पांची अनेक प्रकारे मनधरणी केली. ती म्हणायची, “तात्यांना नाय तर नाय, मला तरी सांगा. मी सांगीन त्यांना.” आप्पा मान हलवत. स्टँडवरून आले की पूर्वी ते खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभं राहून पुढच्या शिमग्याचे काही शब्द पुटपुटत, ते बंद झालं. गुळण्या मात्र चालू होत्या. ते पाहून आईचा जीव जास्त तुटायचा. मला तेव्हा एवढंच समजत होतं की आप्पांकडून काहीतरी काढून घेणार आहेत आणि ते गेलं तर आप्पा नुसते बसगाड्यांची नावं सांगणारे गृहस्थ उरतील. या विचारानं मला रडू यायचं. मी ते कुणाला दाखवलं नाही, म्हशीच्या गोठ्यात जाऊन रडत असे.

टीव्ही वाडीत आमच्याकडेच होता, लाकडी दारं असलेला. भाग लागायचा त्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, पडवी आणि खळं माणसांनी भरून गेलं. टीव्ही पडवीच्या उंबऱ्यात आणून ठेवला होता. पुढे मुलं, मग बायका, मागे बाप्ये. भिकूतात्यांना खुर्ची. आप्पा बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून, खांद्यावर पंचा टाकून ते टीव्हीच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे लोकांना टीव्ही आणि आप्पा दोन्ही दिसत होते. सुरुवातीला कुणालाच भीती वाटेना. ढग गडगडले, कोल्हेकुई झाली, आणि पडद्यावर आमची विहीर आली. लगेच कुणीतरी म्हणालं, “अगो, तो बग तुजा रहाट.” भूत केस सोडून आलं तर तिच्या मागून सखूआत्याची शेळी पाला खात गेली, त्यावर सगळे इतके हसले की सखूआत्या लाजली. मी सगळ्यांत पुढे बसले होते आणि भुताला कोणता मासा आवडतो ते शेजारच्या मुलींना सांगत होते.

मग पिंपळाखाली मांत्रिक आला. कपाळाला काळं, डोळे लाल, हातात हाड. त्यानं तोंड उघडलं आणि आप्पा बोलू लागले. मी वर बघितलं. आप्पांचं तोंड मिटलेलं होतं. पुन्हा पडद्याकडे बघितलं, तर त्या माणसाचे ओठ हलत होते आणि आवाज माझ्या बापाचा होता. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतर आजवर वाटलेली नाही. मी टीव्हीच्या कडेनं आत घुसून घरातून थेट मागीलदारी गेले, न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. आत काय चाललं आहे ते मला ऐकायचंच नव्हतं. आणि तरीही, बोटं कानात असताना, मला ऐकू आलं. सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा.” थोड्या वेळानं पुन्हा. मग आणखी मोठ्यानं. भिंत थरथरल्यासारखी वाटली.

मी परत आले तेव्हा मांत्रिक संपला होता. भूत पुढे काहीतरी करत होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भिकूतात्या उभे होते, टोपी काढून हातात घेतलेली. आई पदरानं डोळे पुसत होती. तात्या आप्पांच्या समोर जाऊन म्हणाले, “आप्पा, घसा सांभाळ. शिमगा जवळ आला.” आणि मग आईकडे वळून, “वहिनी, चाय ठेवा. मागच्या खेपंची पन ऱ्हायलीय.” आप्पांनी नुसती मान डोलावली. त्या वर्षी सहाणेवर त्यांनी जे गाऱ्हाणं घातलं ते ऐकायला शेजारच्या वाड्यांमधूनही लोक आले होते. मी मात्र पुढचे काही दिवस स्टँडवरून आप्पांचा आवाज आला की दचकायचे. मग तेही विरून गेलं.

तर किस्सा असा होता. आमची वाडी भुताची मालिका बघायला बसली आणि सवयीनं दुष्ट मांत्रिकालाच ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळी झाली; भूत बिचारं बाजूला राहिलं. मी हे असंच सांगत आले आणि लोक पोट धरून हसत आले. सवय माणसाला सोडत नाही, असा त्याचा अर्थ मी लावला होता. वाडीतली म्हातारी माणसं मला म्हणायची, “तुज्या बापानं काय गाऱ्हाणां घातलानी होतां गो.” मला वाटायचं, आवाजाचं कौतुक करताहेत. आईही एकदा म्हणाली होती, “तू तवा आत बसायला होवी होतीस.” मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचे चार फोटो आहेत. आवाज कुणी कुठे साठवून ठेवला नाही. त्या काळी आवाज साठवायचा असतो हे कुणाला सुचणार?

मुक्तानं तो भाग शोधून काढला. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकला आहे. दुपारी जेवणं झाल्यावर, आमरसाची भांडी तशीच टाकून, आम्ही दोघी माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत तिचा फोन स्टुलावर उभा करून बसलो. चित्र सगळं पांढुरकं झालेलं, कडेला रेघा. धूर कुठून सोडला आहे ते दिसतं, आणि हाडाला सोनेरी कागद चिकटवलेला तोही दिसतो. सखूआत्याची शेळी आली तेव्हा मुक्ता खुर्चीवरून पडायची बाकी होती. मी तिला नावं सांगत होते, हा रहाट आमचा, तो दगडी गडगा शेजाऱ्यांचा. मांत्रिक आला तसा माझा हात आपोआप कानाकडे गेला. मुक्तानं तो धरला आणि माझ्या कानात इअरफोन घातले. म्हणाली, “आता नीट ऐक. पन्नाशी उलटली तुझी.”

वर ढोल होता, वाऱ्याचा आवाज होता, पण त्याच्या आतून आप्पा स्वच्छ ऐकू येत होते. मुंबईच्या माणसांना भरभर म्हटलेली आमची बोली काय कळणार, त्यांनी तो मंत्र समजून सगळाच्या सगळा ठेवून दिला होता. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगितला आणि जे ऐकलं ते इथं जसंच्या तसं लिहिते.

“बा देवा राखणदारा म्हाराजा, ही लेकरां मुंबयसून तुज्या जाग्यात आलीत. भुताची गोष्ट करतत. गोष्ट खोटी हाय, तां तुज्यापासून लपवत नाय. पन बघणारी बारकी पोरां हायेत, त्यांना ती खरी वाटंल. तर म्हाराजा, जिथं जिथं ही गोष्ट दिसंल, मुंबय आसूंदे नायतर देश आसूंदे, तिथल्या परतेक पोराच्या उशाशी तू जाऊन उभा ऱ्हा. जां पोर भियांल, त्येच्या कानात त्येच्या बापाचा आवाज घाल. कोनाची झोप मोडू देऊ नको. आमच्या गावच्या पाण्यानं कोनाचां पोर घाबारलां, असां बोल आमच्यावर येऊ देऊ नको म्हाराजा.”

आणि प्रत्येक मागण्यामागून चपला काढून उभ्या असलेल्या त्या मुंबईकरांचा ओशाळा, मागेपुढे झालेला होकार.

म्हणजे वाडी सवयीनं बोलली नव्हती. पडवीत बसलेली ती सगळी माणसं, भिकूतात्यांसकट, आप्पांनी काय मागितलं ते शब्द न् शब्द ऐकून बोलली होती. न्यायाला बसलेली माणसं, आणि आप्पांनी आपल्या बचावाचा एक शब्द न उच्चारता त्यांना त्या ओळी स्वतःच्या कानांनी ऐकू दिल्या. एवढं आपल्याजवळ असताना माणूस गप्प कसा राहू शकतो, हे मला अजून कळत नाही. मला अभिमान वाटतो, हे मी सरळच लिहून टाकते. स्टँडवरच्या एका कंट्रोलरनं, टीव्ही बघणाऱ्या सगळ्या अनोळखी पोरांची काळजी वाहिली, आणि तीही त्यांना घाबरवायला आलेल्या माणसांच्याच यंत्रातून. ती मुलं आता माझ्याएवढी झाली असतील. त्यांना कुणाला हे ठाऊक नाही. आणि बापाचा आवाज कानात पडून पळालेली त्यांच्यातली बहुधा मी एकटीच.

मुक्तानं फोन बंद केला. तिला माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं होतं, पण ती वातावरण हलकं करू पाहत होती. म्हणाली, “काय गं आई, यात घाबरण्यासारखं होतं तरी काय?”

“काही नव्हतं गं,” मी म्हटलं. “माझ्या आप्पांनी आधीच सगळा बंदोबस्त करून ठेवला होता.”